मीटरमधली चकती कुठे गेली?



आजचा पाठ विज्ञानाचा आहे आणि थोडा गणिताचाही आहे. तो पुस्तकातून सुरू झाला नाही, वर्गातल्या एका तक्रारीतून सुरू झाला. म्हणून आधी ती तक्रार सांगते.

शहागंज भागात मी पाचवीचा वर्ग शिकवते. मागच्या हिवाळ्यात वर्गातल्या एका मुलीचा गृहपाठ चार दिवस सलग अपुरा आला. मुलगी हुशार, अक्षर छान, कंटाळा करणारी नाही. बाजूला घेऊन विचारलं तर हळूच म्हणाली, "मॅडम, आई संध्याकाळी लाइट लावू देत नाही. नवा मीटर लय पळतो."

हे ऐकून आजूबाजूची पाच-सहा मुलं लगेच बोलायला लागली. "आमच्याकडं पण बिल वाढलं." "आमचे पप्पा म्हणतात मीटरच खराब दिलाय." आणि एका मुलाने जे विचारलं, तो प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवला: "मॅडम, जुन्या मीटरमध्ये चकती फिरायची. आजोबा चकती बघून सांगायचे, काहीतरी चालू राहिलंय. नव्या मीटरमध्ये काहीच फिरत नाही. मग तो मोजतो कसा?"

खरं सांगते, मलाही तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. "सोमवारी सांगते," म्हणाले आणि घरी जाऊन वाचायला बसले. त्या सोमवारपासून जे शिकवलं, ते इथे देते आहे.

१. जुना मीटर: दिसणारं यंत्र

सुरुवात मी पाणचक्कीपासून केली. आपल्या शहरातल्या मुलांनी ती पाहिलेली असते. सतराव्या शतकातली ही चक्की. दूरच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणलं, उंचावरून पात्यांवर सोडलं आणि त्या जोरावर जातं फिरवलं. मुलांना विचारा, "जातं कशामुळे फिरतं?" ती लगेच सांगतात, कारण पाणी दिसतं, त्याचा जोर कळतो, फिरणं दिसतं. आणि पाणी जास्त सोडलं तर काय होईल? "जोरात फिरेल!" बस, जुना मीटर इतकाच आहे. पाण्याच्या जागी वीज आणि जात्याच्या जागी ॲल्युमिनियमची पातळ चकती.

जुन्या मीटरच्या काचेतून त्या चकतीची कड दिसायची. तिच्यावर काळी किंवा लाल खूण असायची. खूण एकदा समोरून गेली की एक फेरा झाला. चकतीच्या दांड्याला दातेरी चाकं जोडलेली आणि त्या चाकांना आकड्यांची चाकं. समजा, मीटरवर "एका युनिटला ६०० फेरे" असं छापलेलं आहे. मग चकतीचे ६०० फेरे झाले की युनिटचा आकडा एकाने पुढे सरकणार.

माझ्या लहानपणी वडील मला उचलून ही चकती दाखवायचे. घरातली बटणं बंद करायची आणि बघायचं, थांबली का? थांबली की मला वाटायचं, मीच ती थांबवली.

२. पण चकतीला फिरवतं कोण?

इथे मुलं अडतात आणि अडायलाच हवीत. चकतीला कुठलीही तार जोडलेली नाही. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटतही नाही. मग ती फिरते कशी?

मीटरमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एक बारीक तारेचं, खूप वेढ्यांचं. ते विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज ओळखतं. दुसरं जाड तारेचं, थोड्या वेढ्यांचं. घरात जाणारा सगळा प्रवाह त्यातून जातो. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते, त्यामुळे या वेटोळ्यांचं चुंबकत्वही सतत बदलत राहतं. बदलतं चुंबकत्व धातूजवळ आलं की धातूच्या आतच छोटे गोल प्रवाह तयार होतात. त्यांना भोवरा प्रवाह म्हणतात. दोन वेटोळी आणि हे भोवरा प्रवाह मिळून चकतीला ढकलतात. घरात वापर जास्त, तर ढकलणं जास्त.

चकती उगाच सुसाट सुटू नये म्हणून तिच्या कडेला एक कायमचा चुंबक ब्रेकसारखा बसवलेला असतो. या ब्रेकमुळेच चकतीचा वेग वापराच्या बरोबर प्रमाणात राहतो. वापर दुप्पट, वेग दुप्पट.

हे वर्गात दाखवता येतं. साहित्य अगदी साधं आहे: ॲल्युमिनियम फॉईलची वाटी, पाण्याने भरलेलं प्लास्टिकचं टोपलं, दोरा आणि एक जोरदार चुंबक. भंगारातल्या स्पीकरचा चुंबक चालतो.

कृती: आधी चुंबक फॉईलला लावून दाखवा, चिकटत नाही. मग वाटी पाण्यावर तरंगत ठेवा. चुंबक दोऱ्याला बांधा, दोऱ्याला भरपूर पीळ द्या आणि चुंबक वाटीच्या अगदी वर, पण न टेकवता धरून सोडा. चुंबक गरगर फिरू लागला की खालची वाटीही हळूहळू त्याच दिशेने फिरायला लागते.

आमच्या वर्गात एक जण लगेच म्हणाला, "मॅडम, वाऱ्याने फिरली असेल." मला फार आनंद झाला. शंका काढणारा मुलगा वर्गात हवाच! मग चुंबक आणि वाटी यांच्या मध्ये प्लास्टिकचं पारदर्शक झाकण धरलं. वारा अडला, तरी वाटी फिरली. नुसतं "बरोबर" म्हणण्यापेक्षा शंका तपासून दाखवली की मुलं ती विसरत नाहीत.

३. हे डोकं कुणाचं?

मुलांना इतिहास गोष्टीसारखा सांगा. सुरुवातीच्या काळात, म्हणजे १८८० च्या दशकात, एडिसनने अमेरिकेत वीज विकायला सुरुवात केली तेव्हा त्याच्या मीटरमध्ये काहीच फिरत नव्हतं. काचेच्या भांड्यात रसायन आणि त्यात जस्ताच्या पट्ट्या. वीज गेली की एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जायचं. महिन्याला माणूस येऊन पट्ट्या काढायचा, त्यांचं वजन व्हायचं आणि त्यावरून बिल! ग्राहकाला स्वतः काहीही वाचता यायचं नाही.

पुढे १८८५ मध्ये इटलीतल्या तुरिन शहरात गॅलिलिओ फेरारिस यांनी दोन वेटोळ्यांतून फिरतं चुंबकत्व तयार करता येतं हे दाखवलं. १८८८ मध्ये अमेरिकेतल्या ऑलिव्हर शॅलेनबर्गर यांना एका दिव्याच्या चुंबकाजवळ पडलेली छोटी स्प्रिंग आपोआप फिरताना दिसली आणि त्यावरून त्यांनी मीटर बनवला. १८८९ मध्ये हंगेरीच्या ओट्टो ब्लाथी यांनी दाब आणि प्रवाह दोन्ही धरून खरी वीज मोजणाऱ्या मीटरचं पेटंट घेतलं. आपल्या आजोबांनी पाहिलेली चकती याच घराण्यातली. शंभराहून जास्त वर्षं ती घरोघरी फिरली.

४. मग बदललं का?

चकतीत काही अडचणी होत्या. फिरणारा भाग म्हटला की झीज आली, धूळ आली. जुनी, घासलेली चकती हळू फिरते. वापर अगदी कमी असेल तर ती जागची हलतही नाही. काही लोक मीटर तिरका करून किंवा बाहेरून चुंबक लावून तिला अडवायचे, हेही तुम्ही ऐकलं असेल. शिवाय चकतीला फक्त बेरीज येते. काल किती वापर झाला, रात्री किती झाला, हे तिच्या लक्षात राहत नाही.

असा बदल एकट्या मीटरमध्ये झाला नाही. मुलांना खेळातलं उदाहरण द्या, त्यांना पटकन कळतं. जत्रेत प्लास्टिकचा एक खेळ मिळतो. स्प्रिंग ओढून गोळी सोडायची, ती खिळ्यांमधून आपटत खाली येते आणि कप्प्यात पडते. त्याचा मोठा भाऊ म्हणजे परदेशातलं पिनबॉल यंत्र. काचेखाली तिरकं टेबल आणि त्यावर स्टीलची गोळी. जुन्या पिनबॉलमध्ये गोळी एखाद्या खुंटाला आपटली की आत स्विच जोडला जायचा, विद्युतचुंबक "खट्" करून ओढला जायचा, घंटी वाजायची आणि गुणांचं आकड्यांचं चाक एका घराने पुढे सरकायचं. जुन्या मीटरसारखीच आकड्यांची चाकं!

१९७७ च्या सुमारास शिकागोतल्या बॅली, विल्यम्स आणि गॉटलीब या कंपन्यांनी या यंत्रांत मायक्रोप्रोसेसर बसवायला सुरुवात केली. बॅलीचं फ्रीडम, विल्यम्सचं हॉट टिप, गॉटलीबचं क्लिओपात्रा ही त्या पहिल्या पिढीतली यंत्रं. आकड्यांची चाकं गेली, उजळणारे आकडे आले. आतली खटखट गेली. पण यंत्राला लक्षात ठेवता येऊ लागलं. सर्वांत जास्त गुण किती झाले, कुठला स्विच अडकलाय, हे ते स्वतः सांगू लागलं. गंमत म्हणजे बॅलीच्या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांत खऱ्या घंट्या तशाच ठेवलेल्या होत्या. आतलं सगळं बदललं तरी खेळणाऱ्याला "टिंग" ऐकू येत होतं.

ही घंटी लक्षात ठेवा. आपल्या मीटरमध्येही ती आहे, फक्त ती वाजत नाही.

५. नवा मीटर आत काय करतो?

आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या नियमांनी ग्राहकांचे मीटर स्टॅटिक, म्हणजे स्थिर प्रकारचे असावेत असं ठरवलं. स्थिर म्हणजे आत काहीही न फिरणारा.

मग मोजमाप कसं होतं? प्रवाहाच्या वाटेवर एक छोटा भाग असतो. तो मोठ्या प्रवाहाची अगदी लहान प्रतिकृती चिपकडे पाठवतो. दाबाचीही तशीच लहान प्रतिकृती जाते. चिप या दोन्ही आकड्यांची नोंद सेकंदाला शेकडो-हजारो वेळा घेते, त्यांचा गुणाकार करते आणि बेरीज करत राहते. ठरलेली बेरीज पूर्ण झाली की समोरचा बारीक लाल दिवा एकदा लुकलुकतो. ही मीटरची घंटी!

मुलांना मी असं सांगितलं: जुना मीटर म्हणजे चालत चालत पावलं मोजणारा माणूस. नवा मीटर म्हणजे एका जागी बसून वहीत हिशोब लिहिणारा माणूस. दुसऱ्याचं काम आपल्याला दिसत नाही, पण ठरावीक हिशोब झाला की तो हात वर करतो. आपण त्याचे हात मोजायचे.

६. लुकलुक मोजू या

मीटरच्या पाटीवर एका युनिटला किती लुकलुकी, तो आकडा छापलेला असतो. अनेक घरगुती मीटरवर तो ३२०० असतो. तुमच्या मीटरवर वेगळा असेल तर तोच घ्या. ३२०० धरून हिशोब असा येतो:

- ९ वॅटचा एलईडी बल्ब: सुमारे २ मिनिटांत एकदा.
- ७५ वॅटचा पंखा: मिनिटाला ४ वेळा.
- १००० वॅटची इस्त्री: मिनिटाला सुमारे ५३ वेळा.
- १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड: मिनिटाला ८० वेळा.

मुलांसाठी रीत: एका मिनिटात मोजा, ६० ने गुणा, ३२०० ने भागा. तासाला किती युनिट ते मिळालं.

आता हेच ६०० फेऱ्यांच्या जुन्या चकतीवर बघा. इस्त्री असेल तर ६ सेकंदांत एक फेरा. पण एकटा ९ वॅटचा बल्ब असेल तर एका फेऱ्याला ११ मिनिटं! इतक्या सावकाश चालणारी चकती धुळीने किंवा झिजेने अडली तर आपल्याला कळणारही नाही. मोबाइलचा चार्जर, सेट-टॉप बॉक्स, छोटे बल्ब यांचा बारीक वापर नवा मीटर मात्र सोडत नाही. "नवा मीटर पळतो" यामागे कधीकधी "जुना मीटर रांगत होता" हेही असू शकतं.

सूचना, आणि ही आधी द्या: मीटरला हात लावायचा नाही, सील, झाकण, तारा यांच्या जवळ जायचं नाही. सोबत मोठं माणूस हवंच. हे काम फक्त डोळ्यांचं आणि घड्याळाचं आहे. इस्त्री निवडली तर एक गोष्ट लक्षात असू द्या: ती तापली की आपोआप बंद-चालू होते, त्यामुळे लुकलुक मध्येच थांबते. मुलं गोंधळतात.

७. त्या मुलीच्या घरी

एका रविवारी सकाळी मी त्या मुलीच्या घरी गेले. आई शिवणकाम करतात. आधी जरा संकोचल्या. मी म्हटलं, "ताई, बिलाचं मलाही बघायचंय. आपण तिघी मिळून मोजू."

बोळात मीटर. आधी घरातली सगळी बटणं बंद केली. पाच मिनिटं वाट पाहिली, दिवा एकदाही लुकलुकला नाही. म्हणजे नकळत कुठे वीज जात नव्हती. मग फक्त बल्ब लावला. मुलगी घड्याळ धरून उभी. एक मिनिट झालं, काही नाही. दीड मिनिट झालं. दोन मिनिटं होऊन गेल्यावर एकदा लुकलुक. आई म्हणाल्या, "एवढंच?"

मग पंखा लावला. मिनिटाला चार. मग रॉड बादलीत सोडला आणि दिवा नुसता थयथय नाचायला लागला. मुलीने अर्ध्या मिनिटात ३९ मोजले. म्हणजे मिनिटाला ७८, तासाला ४६८०, जवळजवळ दीड युनिट. त्यांच्याकडे रोज सकाळी साधारण ४० मिनिटं रॉड चालतो. रोजचं सुमारे एक युनिट, महिन्याचे जवळपास ३० युनिट.

आणि बल्ब? रोज तीन तास लावला तरी २७ वॅट-तास. महिनाभराचं एक युनिटसुद्धा होत नाही. एका सकाळच्या गरम पाण्यात त्या मुलीचा महिन्याहून जास्त दिवसांचा अभ्यास बसतो. हे वाक्य मी म्हटलं नाही. पाटीवर गुणाकार करून मुलीनेच आईला सांगितलं.

आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, बल्ब सगळ्यात जास्त उजेड देतो ना, म्हणून मला वाटलं तोच खातो."

किती साधं आणि किती खरं! डोळ्यांना जे दिसतं, त्यालाच आपण दोष देतो. रॉड पाण्यात बुडलेला, तो दिसत नाही. चकती होती तेव्हा ती आपल्याला निदान सांगायची तरी. आता यंत्र दिसेनासं झालं आणि त्या अंदाजाची किंमत एका मुलीच्या संध्याकाळी मोजत होत्या.

त्यांचा जुना मीटर हळू चालत होता का, ते आता तपासता येणार नाही. थंडीत रॉड जास्त वेळ चालला म्हणूनही बिल वाढलं असेल. पण घरात निर्णय कशावर घ्यायचा, ते त्या दिवशी बदललं. सोमवारी गृहपाठ पूर्ण आला.

८. पालकांसाठी दोन शब्द

नवा मीटर चुकूच शकत नाही, असं मला म्हणायचं नाही. यंत्र आहे, बिघडू शकतं. पण "पळतो" आणि "बिघडलाय" यांत फरक आहे आणि तो फरक मोजून कळतो. सगळं बंद करूनही लुकलुक चालूच राहिली, तर आधी घरातलं वायरिंग चांगल्या वायरमनकडून तपासून घ्या. दुसरी तपासणी अशी: बाकी सगळं बंद ठेवून १५०० वॅटचा रॉड मोठ्या भांड्यातल्या पाण्यात, जवळ लक्ष ठेवून, ४० मिनिटं चालवा. आकडा साधारण एक युनिटने वाढला पाहिजे. विजेचा दाब कमी-जास्त असेल तर थोडा फरक येतो. फरक फारच मोठा आला तर मीटर तपासणीसाठी लेखी अर्ज करता येतो, आणि तेव्हा तुमच्या वहीतले आकडे कामाला येतात. आता स्मार्ट मीटर येत आहेत, ते रीडिंग स्वतःच पाठवतात. तेही स्थिर मीटरच आहेत आणि लुकलुकणारा दिवा त्यांनाही आहे.

९. शिक्षकांसाठी

हा पाठ मी चार तासिकांत घेतला: पाणचक्की आणि चकती, फॉईलच्या वाटीचा प्रयोग, इतिहास आणि बदल, शेवटी लुकलुकीचा हिशोब. गुणाकार-भागाकाराचा सराव आपोआप होतो. घरचं बिल वर्गात वाचून दाखवायला मात्र कुणालाही सांगू नका. बिलातून घरची परिस्थिती उघडी पडते. फक्त लुकलुकीचे आकडे आणायला सांगा.

स्वाध्याय:

१. तुमच्या घरच्या मीटरवर एका युनिटला किती लुकलुकी लिहिल्या आहेत?
२. पंखा एकटा चालू असताना पाच मिनिटांत किती लुकलुकी होतात? पंख्याचा वेग कमी केल्यावर किती?
३. टीव्ही रिमोटने बंद केला आणि बटणाने बंद केला, यांत लुकलुकीचा फरक पडतो का? निदान दहा मिनिटं थांबून बघा.
४. आजी-आजोबांना विचारा: पूर्वी आतलं काम दिसायचं आणि आता दिसत नाही, अशी घरातली आणखी कोणती यंत्रं आहेत?

चौथ्या प्रश्नाला आमच्या वर्गात आलेली उत्तरं: किल्लीचं घड्याळ, कॅसेटचा टेप, तबकडीचा फोन, दुकानातला पारड्यांचा तराजू. तराजूवरून तर अर्धा तास चर्चा चालली. भाजी घेताना काटा बरोबर आहे हे आता कसं ओळखायचं? एका मुलीचं उत्तर होतं, "घरून एक किलोची साखरेची पुडी न्यायची आणि आधी ती ठेवून बघायची." तीच ती, मीटरवाली.

तुमच्या वर्गात करून पाहा. मुलांनी काय काय मोजून आणलं ते नक्की कळवा.